गरोदरपणातला डबा: ठाणे-नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्यांसाठी

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये किंवा ऐरोली-घणसोलीत नोकरीपायी राहायला आलेल्या घरांत बहुतेक वेळा दोघंच असतात. आई गावी, सासूबाई गावी, आणि इकडे बाईला दिवस गेलेले. सकाळी लवकर निघायचं, ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहून यायचं, आणि घरात पाऊल टाकलं की ओट्यापाशी उभं राहायचं त्राण उरत नाही. मग चहा-खारी, वडापाव नाहीतर हॉटेलची पार्सलं यांवर रात्री निघतात. असे महिनेच्या महिने गेले की पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन खाली आलेलं दिसतं.

मी ऐरोलीत घरगुती डब्यांचं काम करते. पोटुशी मुलींचा पहिला फोन येतो तेव्हा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, प्रेग्नन्सीचा स्पेशल डबा मिळतो का?" माझ्या मते स्पेशल डबा लागतच नाही. आपल्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शिजणारं वरण, उसळ, पालेभाजी, भाकरी, अंडं, मासळी हे गरोदरपणाला पुरेसं आहे, फक्त ते ताजं हवं, वेळेवर हवं आणि तुमच्या प्रकृतीप्रमाणे हवं. कमी पडते ती माहिती. कितवा महिना, रिपोर्टमध्ये काय आहे, कोणतं जेवण चुकतंय, हे डबा करणाऱ्या बाईपर्यंत पोचतच नाही. ते कसं पोचवायचं आणि डबा कसा निवडायचा, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: डब्याआधी फाईल उघडा

डॉक्टरांची फाईल घेऊन बसा आणि चार आकडे कागदावर लिहा: हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, वजन. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तेही लिहा. हे चार आकडे विचारल्याशिवाय मी गरोदर बाईचा डबा सुरूच करत नाही.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना तो आढळला होता, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यामुळे आपल्याला नसेल असं गृहीत धरू नका. ७ च्या खाली गेलं तर तो तीव्र रक्तक्षय, आणि तिथे बीट-खजुराच्या भरवशावर एक दिवसही काढायचा नसतो. त्याचे उपचार दवाखान्यातच होतात.

साखरेची तपासणी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी करतात. आकडा १४० किंवा त्याच्या वर आला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान व्हायला हवी. पहिली नॉर्मल आली म्हणून दुसरी टाळणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात. तसं करू नका, कारण दुसऱ्या तपासणीत साखर निघाली तर डब्यातला भात-पोळीचा हिशोबच बदलतो.

अजून कुठे नाव नोंदवलं नसेल तर आधी ते करा. ठाण्याच्या बाजूला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत वाशी, नेरूळ आणि ऐरोलीला महापालिकेची रुग्णालयं आहेत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. शहरात नवीन असाल आणि कोणता दवाखाना बरा हे ठाऊक नसेल, तर सुरुवात इथून करायला काहीच हरकत नाही.

दुसरी पायरी: किती जास्त लागतं ते समजून घ्या

"आता दोन जिवांचं खा" हे प्रत्येक घरात ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण मापाच्या दृष्टीने ते बरोबर नाही. पहिल्या तीन महिन्यांत जेवण वाढवण्याची गरज जवळजवळ नसते. तेव्हा महत्त्वाची असते ती फॉलिक ॲसिडची गोळी आणि जे पोटात टिकेल ते खाणं. चौथ्या महिन्यापासून दिवसाला सुमारे ३५० किलोकॅलरी जास्त लागतात असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप सांगतं. आपल्या ताटाच्या भाषेत सांगायचं तर मूठभर शेंगदाणे, एक पोळी आणि कपभर दूध. बस्स, एवढंच.

प्रथिनांकडे मात्र जास्त लक्ष द्या. दुसऱ्या तिमाहीत रोज साधारण ९.५ ग्रॅम आणि शेवटच्या तिमाहीत २२ ग्रॅम प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात साडेसहा-सात, घट्ट वरणाच्या किंवा उसळीच्या वाटीत तेवढीच, आणि ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊ-दहा ग्रॅम. म्हणजे सातव्या महिन्यानंतर एक अंडं, एक पेला दूध आणि उसळीची एक जादा वाटी घेतली की बरंचसं भागतं. बाजारातल्या डब्याडब्यांच्या पावडरीवर पैसे घालवण्याआधी हा हिशोब करून बघा. डॉक्टरांनी पावडर लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी.

कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ते साडेतीनशेच्या आसपास असतं, त्यामुळे एक बऱ्यापैकी भाकरी पावणेदोनशे मिलिग्रॅम देऊन जाते. ज्यांना दुधाचा वास सहन होत नाही त्यांच्यासाठी नाचणी फार मोलाची.

तिसरी पायरी: कोणतं जेवण चुकतंय ते शोधा

सकाळ, दुपार, रात्र असा तिन्ही वेळचा डबा लावू नका. खर्च वाढतो, कंटाळा येतो आणि चार दिवसांनी डबे उघडलेच जात नाहीत. आठवडाभर जे खाल्लं ते मोबाईलमध्ये लिहा, खरं खरं. एक जेवण सतत चुकतंय असं लगेच दिसेल. ऑफिसला जाणाऱ्यांचं बहुधा रात्रीचं असतं, घरून काम करणाऱ्यांचं दुपारचं. जे चुकतंय त्याच जेवणाचा डबा लावा, बाकीचं घरी जमेल.

उलट्या चालू असतील, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, तर महिन्याचे पैसे आगाऊ भरूच नका. काल आवडलेल्या भाजीचा वास आज नकोसा होतो, त्यात कोणाचा दोष नाही. लसणाची फोडणी तर कितीतरी जणींना त्या काळात अजिबात चालत नाही. अशा वेळी जेवढा डबा तेवढे पैसे असं ठरवून घ्या आणि साधं मागवा: मऊ मुगाची खिचडी, ताक-भात, भाजणीचं थालीपीठ, उकडलेला बटाटा. गार झालेल्या जेवणाचा वास कमी येतो, म्हणून काहींना गार थालीपीठ जातं पण गरम भाजी जात नाही. पाणीसुद्धा टिकत नसेल, लघवी कमी होत असेल, चक्कर येत असेल, तर डब्याचा विचार बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

चौथी पायरी: डबा करणारी बाई शोधा

नौपाडा, राम मारुती रोड, वाशी, नेरूळ, सगळीकडे पोळीभाजी केंद्रं आहेत. महिला बचत गट डबे देतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलंत तर तुमच्याच इमारतीत जेवण करून देणाऱ्या काकू निघतील. यांतून निवडताना मी सगळ्यात आधी मेनू बघायला सांगत नाही, अंतर बघायला सांगते. घोडबंदर रोडला संध्याकाळी गाड्या अडकतात तेव्हा नौपाड्यातून कासारवडवलीला निघालेला डबा कधी पोचेल याचा भरवसा नसतो. साडेसहाला शिजलेली भाजी नऊला तुमच्या हातात आली तर ती कितीही चविष्ट असो, गरोदर बाईसाठी ती नको. चालत किंवा स्कूटरवर पंधरा मिनिटांत डबा येईल अशी जागा घ्या. ऐरोलीत सेक्टरच्या सेक्टरमध्ये सोय होते, ठाण्यात थोडी शोधाशोध करावी लागते.

मग एकदा स्वयंपाकघर बघायला जा. फोन करून, वेळ घेऊन, पण जाच. ज्या बाईचं काम स्वच्छ आहे ती नाही म्हणत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी नोंदणी क्रमांक विचारा. घरून डबे देणाऱ्यांनाही तो घ्यावा लागतो आणि त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असलं पाहिजे. पण कागदापेक्षा डोळ्यांनी दिसतं ते जास्त बोलतं. कच्चं मटण-मासे आणि कोशिंबीर एकाच पाटावर, एकाच सुरीने कापतात का? ओट्याखालची बादली झाकलेली आहे का? पुसायचं फडकं कसं आहे? प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी कुठून भरतात? तळणीचं तेल काळं पडेपर्यंत वापरतात का?

आणि एक प्रश्न सहज गप्पांच्या ओघात विचारा: "ताई, दुपारचं उरलेलं तुम्ही काय करता?" या उत्तरातून सगळं कळतं. उरलेला भात रात्रीच्या फोडणीच्या भातात जात असेल तर तिथे डबा लावू नका. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला की त्यात वाढणारे काही जंतू असं विष तयार करतात की पुन्हा कितीही गरम केलं तरी ते जात नाही. गरोदरपणात पोट बिघडलं की अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं, म्हणून ही काळजी नेहमीपेक्षा दुप्पट.

काही ठिकाणी छोले, राजमा लवकर शिजावा म्हणून सोडा घालतात. त्याने ब गटातली जीवनसत्त्वं जातात. रात्रभर भिजवून कुकरला लावतात का, ते विचारा. मीठ आयोडीनचं आहे का, तेही बघा. बाळाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन लागतं आणि ते बहुतांशी मिठातूनच येतं.

पैशांचं एकच सांगते: आधी आठवड्याचा डबा घ्या, आठवड्याने ठरवा.

पाचवी पायरी: तिला चिठ्ठी लिहा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कोणी करत नाही. फोनवर "जरा पौष्टिक द्या हं" म्हटलं की डबेवाली भाजीवर खोबरं जास्त घालते आणि पोळीला तूप लावते. तिच्या मनात तुमचं भलंच असतं, पण पौष्टिक म्हणजे नेमकं काय ते तिला कुणी सांगितलेलं नसतं. लेखी सांगा. असा मेसेज पुरतो:

"ताई, मला पाचवा महिना चालू आहे. हिमोग्लोबिन ९.८ आहे, साखर नॉर्मल आहे. रात्रीचा डबा हवा, सोमवार ते शनिवार, साडेसात ते आठमध्ये. अंडी चालतात, मासे आठवड्यातून दोनदा चालतील. रोज घट्ट वरण किंवा उसळ हवीच, आणि एक दिवसाआड पालेभाजी. तिखट मध्यम, तेल बेताचं. पापड-लोणचं नको. कोशिंबीर देऊ नका, मी घरी करते. लिंबू अख्खं ठेवा, कापू नका. सोडा कशातच नको. शेंगदाणे, तीळ चालतात, ॲलर्जी कसलीच नाही. डॉक्टरांनी काही बदल सांगितला तर कळवते."

असा मेसेज आला की माझं काम निम्मं होतं. मी तो छापून फ्रीजवर लावते, हाताखालच्या मावशींना वाचून दाखवते. साखर निघालेली असेल तर त्यात एवढी भर घाला: भात अर्धी वाटी, पोळ्या किंवा भाकऱ्या दोन, गोड काही नको, भाजी दुप्पट, बटाटा-रताळं नको. नेमकं माप तुमच्या डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञांकडून घ्या. आणि वाटी केवढी ते एकदा प्रत्यक्ष दाखवा, कारण तुमची वाटी आणि तिची वाटी वेगळी असते.

सहावी पायरी: डब्यात काय असावं

चार खणांचा स्टीलचा डबा डोळ्यांसमोर आणा. खालच्या खणात दोन पोळ्या आणि एक नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी. त्यावर घट्ट वरण नाहीतर उसळ, पळी उभी राहील अशी. तिसऱ्यात भाजी. वरच्यात थोडा भात, किंवा अंड्याची पोळी, किंवा माशाचा तुकडा. पातळ आमटी हा बहुतेक डब्यांचा कमकुवत भाग असतो. वाटीभर पिवळं पाणी आणि तळाला चार दाणे डाळ, त्यातून प्रथिनं मिळत नाहीत. वरण ढवळून बघा, आणि पातळ असेल तर दुसऱ्याच दिवशी मोकळेपणाने सांगा.

उसळींत आपल्याकडे काय कमी आहे! मटकी, चवळी, मसूर, हरभरे, वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं. मोड आलेली कडधान्यं पूर्ण शिजवूनच खा, कच्ची मोडाची भेळ या नऊ महिन्यांत नको, कारण मोड येण्याच्या ओलसर उबेत जंतूही वाढतात. पालेभाज्यांत लाल माठ, मेथी, शेवग्याचा पाला, चवळीचा पाला, अळूचं फदफदं. ठाण्यात जांभळी नाक्याला आणि इकडे तुर्भ्याच्या बाजारातून येणाऱ्या भाजीत शेवगा सहसा मिळतो, पण निवडायला वेळखाऊ म्हणून डबेवाल्या टाळतात. मुद्दाम मागा. पालेभाजी उकडून पाणी फेकून देत असतील तर तसं करू नका म्हणून सांगा.

पालेभाजीतलं आणि कडधान्यातलं लोह अंगी लागायला सोबत आंबट लागतं. म्हणून मेसेजमध्ये लिंबू. जेवताना कापून वरणावर, भाजीवर पिळायचं, कापून ठेवलेल्या फोडीतलं क जीवनसत्त्व कमी होत जातं. आवळा, पेरू, संत्रंही चालेल. आणि चहा? जेवणानंतर लगेच घेतलेला चहा हेच लोह अडवतो. आधी-नंतर तासाभराचं अंतर ठेवा. दिवसाला दोन छोटे कप पुरेत.

मासळी खाणाऱ्यांना इथे राहण्याचा मोठा फायदा आहे. दिवाळे गावात किंवा चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला ताजी मासळी मिळते, आणि आगरी-कोळी घरांतून डबे देणाऱ्या बायका ती उत्तम करतात. बांगडा, तारली, मांदेली, ताजे बोंबील असे छोटे मासे आठवड्यातून दोनदा खा. त्यांतली मेदाम्लं बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना उपयोगी. मोरी मात्र नको. तो शार्कच, आणि मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठतो. सुरमईसारखा मोठा मासा कधीतरी एखादा तुकडा. खाडीतली कालवं-शिंपल्या मी तरी टाळायला सांगेन, पाणी गाळून जगणारे हे जीव पाण्यातली घाणही साठवतात. सुकटीची चटणी आवडत असेल तर खा, पण त्यातलं मीठ लक्षात ठेवा, विशेषतः रक्तदाब वाढत असेल तर.

शुद्ध शाकाहारी असाल तर ब-१२ कमी पडण्याची शक्यता मोठी. दूध, दही, ताक, पनीर रोज हवं, आणि डॉक्टरांना ब-१२ तपासण्याबद्दल विचारा. हिमोग्लोबिनसाठी कलेजी खायला सांगणारेही भेटतील. तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की गरोदरपणात ते जास्त होऊन बाळाला अपाय होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अर्धकच्चं अंडं, न उकळलेलं तबेल्याचं दूध, कच्ची पपई, बाहेरचं कापलेलं फळ, बाहेरच्या चटण्या नकोत. दारू आणि तंबाखू-मशेरी पूर्ण बंद. मशेरीबद्दल मुद्दाम लिहिते, कारण अनेक घरांत ती दात घासायची पावडर समजली जाते, आणि त्यातला तंबाखू बाळापर्यंत पोचतो.

सातवी पायरी: डबा दारात आल्यावर

किती वाजता शिजलं ते विचारायची सवय लावून घ्या. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरातच खावं नाहीतर फ्रीजमध्ये जावं. सोसायटीच्या गेटवर डबा ठेवून निघून जाणाऱ्या पोऱ्याला वर यायची परवानगी मिळवून द्या. वॉचमनच्या टेबलावर तासभर राहिलेला डबा खाऊ नका.

गरम जेवण पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून घेऊ नका. स्टीलच्या डब्यांचे दोन संच ठेवलेत तर एक येतो, एक जातो. परत गरम करायचं असेल तर वाफ येईपर्यंत, आणि एकदाच. मायक्रोवेव्हमध्ये काचेच्या भांड्यात ठेवा आणि मधेच ढवळा, नाहीतर कडेने कढत आणि मध्ये गार राहतं.

पावसाळ्याची तयारी वेगळी हवी. जून ते सप्टेंबर पालेभाज्या चिखलाने भरलेल्या येतात. त्या काळात भोपळा, दुधी, पडवळ, कारली आणि कडधान्यं वाढवली तरी चालतं. पाणी तुंबलं की डबा येत नाही, हे धरूनच चालायचं. घरात अंडी, पोहे, भाजलेली मूगडाळ, सातूचं किंवा नाचणीचं पीठ, शेंगदाणे, खजूर, गूळ एवढं कायम ठेवा. नाचणीची आंबील दहा मिनिटांत होते.

आठवी पायरी: गोळ्या आणि जेवण यांची सांगड

डब्याने गोळ्यांची जागा भरत नाही. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी १८० दिवस देतात, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. कॅल्शियमची गोळी वेगळी, बहुधा दिवसातून दोनदा. या दोन्ही एकत्र घेतल्या तर कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. किमान दोन तासांचं अंतर हवं.

रात्रीच्या डब्याबरोबर हे असं बसवता येतं: कॅल्शियम नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर, लोह मधल्या वेळेला लिंबूपाण्याबरोबर. लोहाने मळमळ होते, शौच काळी होते, कधी बद्धकोष्ठ होतं. काळ्या रंगाला घाबरू नका. मळमळ असह्य असेल तर गोळी गुपचूप सोडून देण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा, ते वेळ किंवा गोळी बदलून देतात. बद्धकोष्ठाला भाकरी, पालेभाजी आणि भरपूर पाणी.

नववी पायरी: महिन्याने पडताळा

महिना झाला की वजन आणि पुढचा रिपोर्ट घेऊन बसा. सुरुवातीचं वजन बेताचं असेल तर नऊ महिन्यांत साधारण १० ते १२ किलो वाढ इथले डॉक्टर धरून चालतात. बाई फार बारीक असेल तर जास्त, आधीच जाड असेल तर कमी. त्याबरोबरच डब्यात काय उरतं ते बघा. माझ्याकडे परत आलेल्या डब्यात रोज उसळ शिल्लक दिसली की मी फोन करते. एका मुलीला उसळीने रात्री छातीत जळजळायचं, पण सांगायला संकोच. तिची उसळ सकाळच्या नाश्त्याला गेली आणि रात्री मुगाचं मऊ वरण आलं, की डबे रिकामे यायला लागले. शेवटच्या तिमाहीत पोट वर चढल्यावर पुष्कळ जणींचं असं होतं. त्यांनी डबा अर्धा आठला, अर्धा फ्रीजमध्ये ठेवून दहाला गरम करून खावा.

हातापायांबरोबर चेहराही सुजणं, सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं काही झालं तर लगेच दवाखाना. त्यावर खाण्यापिण्याचा उपाय नसतो.

तुमच्या घरी काम करणाऱ्या ताईंसाठी

डबा लावणं सगळ्यांना परवडत नाही. तुमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईही पोटुशी असू शकतात. त्यांना जवळच्या अंगणवाडीत नाव घालायला सांगा. १९७५ पासून चालू असलेल्या एकात्मिक बाल विकास सेवेतून गरोदर बायकांना घरी न्यायचा शिधा मिळतो आणि त्यात दिवसाला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं असावीत असं प्रमाण आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र बायकांना पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. अंगणवाडीताई किंवा आशाताई अर्ज भरून देतात. आपल्याच राज्यात आदिवासी भागांत २०१५ पासून अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत गरोदर बायकांना दिवसातून एकदा पूर्ण, गरम जेवण देतात. तिथेही भर आहे तो एका वेळच्या चौरस जेवणावरच.

शेवटच्या महिन्यांत करायचं काम

सातवा महिना लागला की डबेवालीशी बाळंतिणीच्या डब्याचं बोलून ठेवा. ऐन वेळी मिळत नाही, कारण हे जेवण वेगळं शिजवावं लागतं: बाजरीची भाकरी, लसूण-जिऱ्याची फोडणी, शेपू, मेथी, मुगाचं वरण, अळिवाची खीर. डिंकाचे आणि अळिवाचे लाडूही तिलाच सांगता येतात. अळीव बाळंतपणानंतर, त्याआधी नको असंच बहुतेक डॉक्टर सांगतात. सरकारी रुग्णालयात बाळंतपण झालं तर साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनमध्ये सात दिवसांपर्यंत जेवण तिथेच मोफत मिळतं, त्यानंतरची सोय तुमची.

अंगावर पाजताना पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सुमारे ६०० किलोकॅलरी जास्त लागतात, म्हणजे गरोदरपणापेक्षाही जास्त. गावाहून आई आली की सगळे डबा बंद करतात. एक वेळचा तरी चालू ठेवा. आईचंही वय झालेलं असतं, तिला रात्री बाळाला घेऊन बसायचं असतं, आणि सकाळी अकराला दारात आलेला गरम डबा त्या घरात दोघींना पुरतो. डबेवालीला तसं आधीच सांगा, म्हणजे ती भाकऱ्या चारऐवजी सहा टाकेल.